प्लेन की चेक्स

बंदूक हा विषय आमच्या घराण्यात दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे कधी गेला नव्हता. तरी शिकारीच्या रायफलीच्या बोल्टची गोटी चौकडीची असावी की गुळगुळीत, या प्रश्नावर मी आज कोणाशीही दोन तास बोलू शकतो. लोक पहिली पाच मिनिटं हसतात आणि मग भाज्यांच्या भावावर येतात. येऊ देत. हे ज्ञान मी रियाधमध्ये, इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या त्यानंतरच्या हिवाळ्यात, स्वतःची इभ्रत घालवून मिळवलेलं आहे आणि ते न सांगता मरायची माझी तयारी नाही.

आधी गोटी म्हणजे काय ते सांगतो, कारण तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. शिकारीच्या रायफलीच्या पोटात एक पोलादी दांडा असतो, त्याला बोल्ट म्हणतात. त्याचं हँडल बाहेर आलेलं असतं. ते वर उचलायचं, मागे ओढायचं, पुढे ढकलायचं आणि खाली पाडायचं, की काडतूस नळीत जाऊन बसतं. मोरीच्या दाराची सरकती कडी ज्यांनी लावली आहे त्यांना हे लगेच समजेल. त्या हँडलच्या टोकाला, हाताला धरायला, आवळ्याएवढी लोखंडी गोटी असते. या गोटीवरून जगात दोन पंथ आहेत. एक म्हणतो ती गुळगुळीत हवी, दुसरा म्हणतो तिच्यावर बारीक चौकडीच्या खाचा हव्यात. मी या दोन पंथांच्या मध्ये सापडलो तो एका चिठ्ठीमुळे.

मी पाण्याचे पंप विकणाऱ्या एका कंपनीत स्टोअर्स सांभाळत होतो. शिक्षण बी.कॉम. पण आमचे कफील, म्हणजे मालक आणि सौदीतले आमचे मायबाप, अबू मुतलक मला पहिल्या दिवसापासून 'मुहंदिस' म्हणत. मुहंदिस म्हणजे इंजिनीअर. चष्मा लावणारा आणि खिशाला दोन पेनं अडकवणारा प्रत्येक हिंदुस्थानी त्यांच्या लेखी मुहंदिसच होता. मी त्यांची चूक सुधारली नाही. कोणी सुधारली असती ते मला सांगावं. माझ्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्यावर, मात्र व्यवसायाच्या रकान्यात 'हल्लाक' असं लिहिलेलं होतं. हल्लाक म्हणजे न्हावी. मला आणलं तेव्हा कंपनीकडे न्हाव्याचा एक व्हिसा शिल्लक होता. पंपांच्या कंपनीला न्हाव्याचा व्हिसा कसा मिळाला, हे तिकडे विचारायचं नसतं. थोडक्यात, मी घरात बी.कॉम., ऑफिसात इंजिनीअर आणि रस्त्यात पोलिसांनी अडवलं की न्हावी होतो.

त्या डिसेंबरात सगळ्या रियाधच्या तोंडी एकच तारीख होती, पंधरा जानेवारी. तोवर इराक कुवेतमधून निघाला नाही तर लढाई. आमच्या बिल्डिंगमध्ये खिडक्यांच्या काचांना चिकटपट्ट्या लागल्या होत्या, दाराच्या फटींसाठी ओले टॉवेल कसे घडी करायचे यावर दोन वेगवेगळ्या विचारसरणी तयार झाल्या होत्या. कंपनीने विषारी वायूपासून बचावाचे मुखवटे वाटले. आम्ही तिघांनी ते दिवाणखान्यात बसून लावून पाहिले. माझ्या मुखवट्यावर चष्मा बसेना, माझ्या बायकोच्या, म्हणजे विभावरीच्या, मुखवट्यात तिचा अंबाडा मावेना, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसत होतो. मग आमच्या स्मृतीने तिचा लावला. ती आठ वर्षांची. मुखवट्याची खालची कड तिच्या हनुवटीच्या खाली दोन बोटं लोंबत होती आणि आतून तिचा आवाज आला, "बाबा, इट स्मेल्स लाइक टायर."

आमचं हसू थांबलं. मला भीती वाटली, साधी आणि सरळ भीती. विभावरी फक्त म्हणाली, "पंधराच्या आत आपण कराडला असायला हवं."

कराडला जायला पासपोर्ट हवे होते आणि पासपोर्ट अबू मुतलक यांच्या कपाटात होते. वर देश सोडायच्या परवानगीच्या अर्जावर त्यांची सही हवी. सही मागायला मी तीन वेळा त्यांच्या केबिनमध्ये गेलो आणि तिन्ही वेळा गहवा, म्हणजे त्यांची कॉफी, पिऊन आणि खजूर खाऊन परत आलो. चौथ्या वेळी त्यांच्या टेबलावर एक फडकं होतं. त्यांनी ते उलगडलं, आतून तो बोल्ट निघाला.

"मुहंदिस," गोटीवर बोट ठेवून ते म्हणाले, "हाज़ा शूफ. पुढचा खमीस, सैद. ओके? बादेन पासपोर्ट."

हाज़ा शूफ म्हणजे हे बघ, खमीस म्हणजे गुरुवार, सैद म्हणजे शिकार आणि बादेन म्हणजे मग. एवढं मला कळलं. गोटी झाली की पासपोर्ट. एवढं बोलून त्यांनी दोन्ही हातांनी डोक्यावरचा शिमाग, म्हणजे लाल-पांढऱ्या चौकड्यांचा रुमाल, सारखा केला आणि फोन उचलला. बाहेर त्यांचा टायपिस्ट मुस्तफा बसायचा, तो त्यांना 'बाबा' म्हणायचा. हा मलप्पुरमचा, डोक्यावर तेल लावलेला घनदाट केशसंभार, दर पाव तासाने खिशातला कंगवा बाहेर. त्याने कंपनीच्या लेटरहेडवर टाइप केलेली चिठ्ठी माझ्या हातात दिली. त्यावर इंग्रजीत तीन ओळी होत्या. बोल्ट नॉब. चेक. बिफोर थर्सडे.

आता इथे मला थोडं समजून घ्या. कराडच्या कापडपेठेत आमचं तीन पिढ्यांचं दुकान. आम्हाला लहानपणापासून जगात तीनच गोष्टी ठाऊक, प्लेन, चेक्स आणि लायनिंग. त्यात मालक बोलता बोलता चौकड्यांच्या फडक्याला दोन्ही हात लावून दाखवतो आणि हातात चिठ्ठी येते 'चेक'. बी.कॉम. झालेला कोणताही माणूस या पुराव्यावरून जो निष्कर्ष काढील तोच मी काढला. अबू मुतलक यांना गोटीवर चेक्स हवे होते.

"गोटीवर चेक्स?" विभावरी बोल्ट हातात घेऊन म्हणाली. "छान गुळगुळीत आहे की. बंदुकीला काय शिवायचाय शर्ट?"

"तुला त्यातलं कळत नाही."

"तुम्हाला तरी कुठे कळतं? आधी त्यांना जाऊन विचारा नक्की काय हवंय ते."

"इंजिनीअर असा विचारायला जात नाही," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. बी.कॉम.चा वर्ग मला कोणता मिळाला होता हेसुद्धा तिला ठाऊक होतं. पण त्या क्षणी तिने ते काढलं नाही, आणि चांगल्या बायकोची ही खूण मी पुढे बराच काळ आठवत होतो.

सल्ल्यासाठी मी वरच्या मजल्यावर उमाकांतकडे गेलो. उमाकांत बँकेत अधिकारी. कॉलेजात एन.सी.सी.मध्ये असताना त्याने पाच गोळ्या झाडल्या होत्या. त्यातल्या चार कुठे गेल्या हे कोणालाच कळलं नाही, पण तेव्हापासून तो शस्त्रास्त्रांवर बोलतो. त्याने बोल्ट खिडकीपाशी नेऊन उजेडात फिरवला आणि एक डोळा मिटला.

"चेक्स म्हणजे चेक्सच," तो म्हणाला. "शिकाऱ्याच्या हाताला घाम असतो, सद्या. समोर जनावर उभं आहे, पहिली गोळी चुकलीय, घाईत बोल्ट ओढायचाय आणि हात सटकला. मग? गुळगुळीत गोटी ही दिवाणखान्यात मांडायची वस्तू आहे. बारीक हवेत मात्र चेक्स. एका इंचात वीस रेघा."

"बावीस चालतील?"

"बावीस जरा भपकेबाज होतील," उमाकांत गंभीरपणे म्हणाला.

रेघा कोण मारणार हा प्रश्न होताच. त्याला उत्तर एकच, जलालभाई. मंडणगडकडचा हा माणूस औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होता आणि मागे कामगारांच्या कॅम्पमध्ये राहायचा. लेथवर त्याने बनवली नाही अशी वस्तू नव्हती. शुक्रवारी सुट्टी, त्या दिवशी सकाळी जायचं ठरलं. बोल्ट नेण्यासाठी विभावरीने डबा भरून दिला. वर आणि खाली थालीपीठं, मधल्या खणात फडक्यात गुंडाळलेला बोल्ट. वीतभर लांब होता तो, तिरपा बसवल्यावर झाकण लागलं. उमाकांत माझ्या शेजारी गाडीत बसला, कारण असं काम इंजिनीअरवर सोपवणं त्याला बरोबर वाटत नव्हतं.

वसाहतीच्या तोंडाशी चौकी होती. लढाई तोंडावर असल्यामुळे तिथे कसून तपासणी चालायची. एका जवानाने माझा इकामा घेतला, "हल्लाक?" असं म्हणून माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि डबा उघडायला लावला. पहिला खण निघाला. दुसरा खण निघाला. त्याने फडकं सोडलं आणि बोल्ट हातात धरून दोनदा उलटसुलट फिरवला.

"हाज़ा एश?" त्याने शेवटी विचारलं. हे काय आहे?

मला अरबी येत होतं ते पंप, वॉशर आणि उद्या या इतकंच. मी घाबरून म्हणालो, "हल्लाक. मकीना." म्हणजे न्हाव्याचं मशीन. उमाकांतने कपाळाला हात लावला. जवानाने बोल्टकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, या यंत्राने मी माणसांचं नेमकं काय करतो याचा त्याने विचार केलेला त्याच्या चेहऱ्यावर दिसला. मी घाईघाईने मुस्तफाची चिठ्ठी पुढे केली. लेटरहेडवरचं नाव वाचून त्याचा नूर पालटला. तो बुरैदाचा निघाला, अबू मुतलक यांच्याच गावचा, आणि स्वतः शिकारी.

यापेक्षा त्याने मला कोठडीत टाकलं असतं तर लवकर सुटलो असतो. मी हाताने हवेत चौकडी काढून आमचा बेत सांगितला मात्र, तो चिडला. "ला, ला. नाइम," तो म्हणाला. नाइम म्हणजे गुळगुळीत. त्याने हवेत एक न दिसणारी रायफल धरली, तळहाताने बोल्ट झपाट्याने उचलून, ओढून, ढकलून दाखवला आणि मग स्वतःच्या तळव्यावर नखं ओढून तोंड वाकडं केलं. चौकडी हाताला सोलते, असं त्याचं म्हणणं. उमाकांत गाडीतून उतरला. त्याने स्वतःची न दिसणारी रायफल काढली, कपाळावरचा घाम पुसून हाताला लावला आणि हात कसा सटकतो ते करून दाखवलं. भर चौकीवर, मागे अकरा गाड्या खोळंबलेल्या असताना, दोन देशांचे दोन जाणकार हवेतल्या बंदुका चालवत होते आणि मधे एक न्हावी डबा धरून उभा होता. हे पाऊण तास चाललं. तेवढ्या वेळात त्या जवानाने चार थालीपीठं खाल्ली. निरोप देताना त्याने माझा खांदा धरून पुन्हा एकदा सांगितलं, "नाइम." त्याचं ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

जलालभाईने बोल्ट पाहिला आणि तो आधी हसला. "सदानंदभाव, ह्यो गोल हाय. दांडा असता तर लेथवर लावून नर्लिंगची चौकडी मारली असती, दोन मिन्टाचं काम. गोलाला चौकडी चढंल कशी? हातानं करायला लागंल. तिकोनी कानस घेऊन, एकेक रेघ."

"मग कर की."

"करतंय. पर ही गोटी ढिली हाय, बघ, फिरते. आधी आवळून घेतंय." त्याने बोल्ट शेगड्यात, म्हणजे टेबलावरच्या लोखंडी पकडीत, धरला, पान्याने गोटीला अर्धा आटा दिला. गोटी घट्ट झाली. हा अर्धा आटा वाचकांनी ध्यानात ठेवावा.

मग रेघांचा प्रश्न आला. उमाकांतने खात्रीसाठी एका लिंबावर पेन्सिलीने चेक्स काढून पाहिले. मधोमध चौकोन चांगले येत होते, पण वर टोकाकडे रेघा एकमेकींत घुसून गिचमिड होत होती. त्याने सात लिंबं खराब केली आणि पृथ्वी गोल असल्याबद्दल बरंच काही बोलला. शेवटी मी वर्कशॉपच्या फोनवरून घरी फोन केला.

"सगळी गोटी कशाला भरता?" विभावरी पलीकडून म्हणाली. "वरचा भाग प्लेन ठेवा आणि मधून साडीच्या काठासारखा चेक्सचा पट्टा फिरवा. आणि मी अजूनही म्हणते, आधी विचारा."

पहिलं वाक्य मी जलालभाईला माझं म्हणून सांगितलं. दुसरं सांगितलं नाही.

दुपारभर कानस चालली. जलालभाई एक डोळा मिटून रेघ मारायचा, फुंकर घालायचा, मी उजेड धरायचो आणि उमाकांत मोजायचा. संध्याकाळी चहाच्या वेळेला गोटीच्या कमरेभोवती असा देखणा चौकडीचा काठ उमटला होता, की माझ्या तीन पिढ्यांना ते कापड फाडून द्यावंसं वाटलं असतं. मी तिच्यावर अंगठा फिरवला. खरोखर पकड बसत होती. त्या क्षणी मी इंजिनीअर होतो, कोणी काहीही म्हणो.

बुधवारी सकाळी मी तो बोल्ट अबू मुतलक यांच्यासमोर ठेवला. त्यांनी फडकं उलगडलं. मुस्तफा फाइल घेऊन मागे उभा होता. अबू मुतलक यांचा अंगठा गोटीवर गेला आणि तिथेच थांबला. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज मला तोवर कधी ऐकू आला नव्हता.

"सार," मुस्तफा माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "आप ये क्या किया? बाबा तो चेक करने को बोला. नॉब ढीला था, सार. चेक करो बोला."

म्हणजे सगळं काम जलालभाईच्या त्या अर्ध्या आट्यातच झालं होतं. चेक. तपास. चेक म्हणजे तपासणंसुद्धा असतं. मी रोज शंभर वेळा हा शब्द त्याच अर्थाने वापरत होतो. स्टोअर्समध्ये माझ्या टेबलावर 'चेक्ड' असा रबरी शिक्कासुद्धा होता.

"और एक बात," मुस्तफा पुढे म्हणाला, "ये बाबा का बाबा का राइफल है. चालीस साल हाथ घिसके वो स्मूथ बना था."

मी मनातल्या मनात विमान रद्द केलं, कराड रद्द केलं. डोळ्यांपुढे स्मृतीचा तो हनुवटीखाली लोंबणारा मुखवटा आला आणि मला स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. एक साधा प्रश्न विचारायचा होता. बायकोने दोन वेळा सांगितलं होतं.

अबू मुतलक यांनी डोळे मिटले आणि गोटी मुठीत धरून सावकाश फिरवली. मग ते अरबीत बोलू लागले आणि मुस्तफा हलक्या आवाजात हिंदी करत गेला. माझा बाप बुरैदाला खजुराच्या बागेत राबायचा, ते म्हणाले. त्याचा तळहात खरखरीत, खोडासारखा. त्याला गुळगुळीत गोटी चालली, पकड त्याच्या हातातच होती. माझा हात बघ. त्यांनी तळवा पुढे केला. खुर्चीवर बसून सह्या करणाऱ्या माणसाचा मऊ तळवा होता तो. माझ्या हातून ही गोटी नेहमी सटकते, ते म्हणाले, आणि बाप गेल्यापासून मला वाटायचं की तो माझ्यावर रागावलाय. गेल्या वर्षी भावांसमोर सटकली. आज सटकत नाही.

ते उठले आणि टेबलाला वळसा घालून येऊन त्यांनी माझ्या दोन्ही गालांचा मुका घेतला. "मुहंदिस," ते म्हणाले, "वल्लाह, मुहंदिस."

इथे थांबले असते तर. पण उपकाराची परतफेड केल्याशिवाय हा माणूस झोपत नसे. अर्जावर सही तर त्यांनी तिथल्या तिथे केली, शिवाय मुस्तफाला माझा इकामा आणायला सांगितला. अशा कारागिराच्या कागदावर 'न्हावी' लिहिलेलं असावं ही त्यांना शरमेची गोष्ट वाटली. जे काम एरवी आठ महिन्यांत होत नाही ते चार दिवसांत झालं, कारण ते मला नको होतं. नव्या इकाम्यावर माझा व्यवसाय सुंदर अक्षरात लिहिलेला होता, 'हत्यारं दुरुस्त करणारा कारागीर'. उमाकांतने पेढे मागितले.

बारा जानेवारीला मुस्तफा आणि मी पासपोर्टवर शिक्का मारून घ्यायला सरकारी कचेरीत गेलो. विमान दुसऱ्या दिवशी दुपारी होतं. खिडकीमागचा अधिकारी जाड मिशांचा, शांत माणूस होता. त्याने विभावरीच्या पासपोर्टवर शिक्का मारला. माझा इकामा वाचला आणि शिक्का हवेतच राहिला.

"लड़ाई आने वाला है, सार," मुस्तफाने भाषांतर केलं. "हथियार का कारीगर बाहर नहीं जाएगा. जरूरत पड़ेगा."

असा नियम होता की त्याच्या मनात आलं होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी म्हणालो, सांग त्याला, मी कारागीर नाही. मुस्तफाने सांगितलं. मग कोण आहेस? आता माझ्यासमोर दोन रस्ते होते. इंजिनीअर म्हणावं तर त्याची गरज लढाईत आणखी. बी.कॉम. हा शब्द अरबीत कसा करतात हे मुस्तफाला येत नव्हतं. मी मान खाली घातली आणि त्या भरल्या कचेरीत, रांगेतल्या वीस-पंचवीस माणसांच्या देखत, मोठ्याने म्हणालो, "हल्लाक."

"न्हावी?" अधिकाऱ्याने मिशांवरून बोट फिरवलं. मग टेबलाच्या खणातून कागद कापायची कात्री काढून त्याने माझ्यापुढे ठेवली. "काप."

"कोणाचे?"

अधिकाऱ्याने आजूबाजूला पाहिलं. रांगेतले लोक एक पाऊल मागे सरकले. मुस्तफा भाषांतर करण्यात गुंतलेला असल्यामुळे त्याला मागे सरकायचं सुचलं नाही.

"नहीं सार," तो म्हणाला. "सार, प्लीज."

"मुस्तफा," मी म्हणालो, "चेक कोणी टाइप केलं होतं?"

तो खुर्चीवर बसला. हे मी त्याच्या मोठेपणाचं म्हणून सांगतो, तो बसला. त्याने खिशातून स्वतःचा कंगवा काढून माझ्या हातात दिला आणि डोळे मिटले. मी आयुष्यात स्मृतीच्या कपाळावरची झुलपं सोडून कोणाचे केस कापले नव्हते, आणि तीसुद्धा विभावरीने नंतर सारखी केली होती. कागदाची कात्री तेलकट केसांवरून घसरत होती. एकीकडे जास्त गेले म्हणून मी दुसरीकडे कापले, उभं चुकलं म्हणून आडवं कापलं. दहा मिनिटांनी मी मागे सरकून पाहिलं आणि मला स्वतःलाच दचकायला झालं. मुस्तफाच्या डोक्यावर, मागच्या बाजूला, कानापासून कानापर्यंत चौकडी उमटली होती. एका इंचात दोन रेघा.

अधिकारी खिडकीमागून उठून बाहेर आला आणि मुस्तफाभोवती एक फेरी मारली. त्याच्या मिशा हलायला लागल्या, मग खांदे, मग तो भिंतीला हात टेकून इतका हसला की शिपाई पाणी घेऊन धावला. डोळे पुसत तो जे बोलला ते मुस्तफाने दुखऱ्या आवाजात भाषांतर केलं. हा न्हावी नाही. आणि ज्याच्या हातात कात्री ठरत नाही त्याच्या हातात बंदूक कोण देईल? हा कसलाच कारागीर नाही.

माझ्या हुशारीबद्दल सरकारी अधिकाऱ्याने दिलेलं ते एकमेव प्रमाणपत्र. त्याने इकाम्यावरच्या सुंदर अक्षरावर आडवी रेघ मारली, वर पेनने 'आमिल' असं लिहिलं आणि पासपोर्टवर शिक्का मारला. आमिल म्हणजे साधा मजूर. इंजिनीअर होतो, न्हावी झालो, कारागीर झालो आणि शेवटी मजूर. इतक्या आनंदाने इतक्या खाली मी आयुष्यात कधी आलो नव्हतो. मी मुस्तफाला कडकडून मिठी मारली. त्याने माझ्या खांद्यावरून विचारलं, "सार, पीछे कैसा है?"

"चेक है," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी विमानात स्मृतीने मुंबईला उतरायचं कार्ड भरायला घेतलं. "बाबा, ऑक्युपेशन में क्या लिखूँ?" तिने विचारलं. मी खिडकीबाहेर बघत होतो. खाली वाळू मागे पडत होती आणि ती मागे पडतेय याचं मला रडू येईल इतकं बरं वाटत होतं. विभावरीने कार्ड तिच्याकडून घेतलं. "आधी विचार त्यांना," ती स्मृतीला म्हणाली, "नक्की काय व्हायचंय ते." आणि मग तिचा हात माझ्या हातावर आला, कालच्या कात्रीचे वळ उठलेल्या हातावर, आणि उतरेपर्यंत तिथेच राहिला.

लढाई संपली. एप्रिलमध्ये अबू मुतलक यांची तार आली, ताबडतोब ये. मी गेलो. माझ्या टेबलावर फडक्यांत गुंडाळलेले अकरा बोल्ट रांगेने मांडून ठेवले होते, त्यांच्या भावांचे आणि चुलत भावांचे. प्रत्येकाला मुस्तफाने टाइप केलेली एक चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली. सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच शब्द होता, चेक. मुस्तफाचे केस परत आले होते, पण मला पाहून तो भिंतीकडे पाठ करून उभा राहिला.

यावेळी मी शहाणा होतो. मी एक बोल्ट उचलला, इभ्रत खुंटीला टांगली आणि सरळ केबिनमध्ये गेलो. विमानात पाठ केलेल्या अरबीत, एकेक शब्द सुटा करून, मी विचारलं, "बाबा, नक्की काय करायचं? नुसतं तपासायचं, की चौकडी काढायची?"

अबू मुतलक यांनी माझ्याकडे फार प्रेमाने पाहिलं, क्षणभर विचार केला, आणि काही न बोलता दोन्ही हातांनी डोक्यावरचा चौकड्यांचा शिमाग सारखा केला.